जॉर्जियाचा निकाल वाचायचा कसा

२०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदाचं मतदान होऊन तीन दिवस झाले तरी तिथल्या जॉर्जिया राज्याचा निकाल लागत नव्हता, तेव्हा यवतमाळहून माझ्या मामांचा व्हिडिओ कॉल आला. इथे पहाटेचे पाच वाजले होते आणि मी पांघरूण गुंडाळून टीव्हीसमोरच बसलेली. मामा म्हणाले, "का गं पोरी, नकाशा तर सारा लालच दिसून राह्यला, मंग तो निळा पुढं गेला कसा?" (लाल म्हणजे ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्ष, निळा म्हणजे बायडेन यांचा डेमोक्रॅटिक.)

मामा ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतचे निकाल वहीत उतरवून ठेवणारे आहेत, त्यांचा प्रश्न उथळ नसतो. फोनवर मी अर्धवटच उत्तर दिलं, कारण डोळे मिटत होते आणि हे नीट सांगायला वेळ लागतो. म्हणून आता सावकाश लिहितेय, मी ग्विनेट कौंटीत राहते, अटलांटाच्या ईशान्येला, त्यामुळे ह्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यासमोर घडलेलं आहे.

आधी मूळ हिशोब. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातली सगळी मतं एकत्र मोजून ठरत नाही, राज्याराज्याने ठरतो. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठराविक इलेक्टोरल मतं असतात, अध्यक्ष ठरतो तो त्यांच्या बेरजेवर. एकूण इलेक्टोरल मतं ५३८, त्यातली जॉर्जियाची १६, आणि राज्यात ज्याला एक मत जरी जास्त पडलं तरी सगळी १६ त्यालाच. २०२० ला बायडेन यांना २४,७३,६३३ मतं पडली आणि ट्रम्प यांना २४,६१,८५४. फरक ११,७७९ चा. पन्नास लाख लोकांच्या मतदानात एवढाच, म्हणजे पाव टक्कासुद्धा नाही, आणि तेवढ्यावर १६ च्या १६ मतं एका बाजूला गेली.

आता मामांच्या लाल नकाशाकडे येऊ. जॉर्जिया राज्य आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास निम्मं आहे, पण त्याचे तुकडे केलेत १५९. ह्या तुकड्यांना कौंटी म्हणतात. आपल्याकडे पूर्ण महाराष्ट्रात जिल्हे ३६, त्यामुळे कौंटी म्हणजे जिल्हा असं समजलात तर गोंधळ होईल, तालुका समजा, मग चित्र बरोबर बसतं. आणि हे तालुके अजिबात सारखे नाहीत. टालियाफेरो नावाची एक कौंटी आहे (लिहितात असं आणि तिथले लोक म्हणतात टॉलिव्हर), तिथे २०२० च्या जनगणनेत माणसं साधारण दीड हजार, आपल्याकडचं एक बऱ्यापैकी गाव. आणि अटलांटा जिच्यात येतं त्या फुल्टन कौंटीत साडेदहा लाखांच्या वर. नकाशावर दोन्हीला एकेक तुकडा, रंग एकच भरायचा. बायडेन जिंकले त्या कौंट्या फक्त ३०, ट्रम्प जिंकले १२९. म्हणून नकाशा लाल दिसतो, पण त्या लाल रंगात माणसांपेक्षा पाइनची जंगलं नि शेतं जास्त आहेत.

ही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी नाही, कारण एके काळी जॉर्जियात खरोखरच अशीच निवडणूक व्हायची, जमिनीच्या तुकड्यांवर. पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुकीत मतं मोजून झाली की प्रत्येक कौंटीचे ठराविक युनिट तिथे पुढे असलेल्याला मिळायचे, सगळ्यात मोठ्या आठ कौंट्यांना सहा-सहा, त्याखालच्या तीसांना चार-चार आणि उरलेल्या १२१ ना दोन-दोन. म्हणजे तीन चिमुकल्या कौंट्या मिळून फुल्टनच्या बरोबरीला यायच्या. त्या काळात इथे डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावालाच होता, तेव्हा प्राथमिक निवडणूक जिंकली की सगळं जिंकलं, आणि ती जिंकायला शहरातल्या माणसाची गरजच नव्हती, काळ्या माणसाची तर नव्हतीच. १९४५ पर्यंत इथे मत द्यायला पोल टॅक्स भरावा लागायचा आणि १९४६ पर्यंत डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक फक्त गोऱ्यांसाठी होती. शेवटी १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'ग्रे विरुद्ध सँडर्स' ह्या खटल्यात ही युनिटची पद्धत मोडीत काढली आणि एक माणूस, एक मत हे तत्त्व कोर्टाच्या निकालात आलं ते ह्याच जॉर्जियाच्या भांडणातून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आजही कुणी नकाशा दाखवून "बघा किती लाल" म्हणतं तेव्हा ते नकळत त्या जुन्या युनिटच्या हिशोबाने बोलत असतं.

मग हे डेमोक्रॅटांचं राज्य रिपब्लिकन कधी झालं? यादवी युद्धानंतर १९६० पर्यंत जॉर्जियाने अध्यक्षपदाला एकदाही रिपब्लिकन निवडला नव्हता, लिंकनचा पक्ष म्हणून राग होता. १९६४ च्या जुलैत डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली, त्या कायद्याच्या विरोधात मत दिलेले गोल्डवॉटर रिपब्लिकनांकडून उभे होते, आणि चार महिन्यांत जॉर्जिया गोल्डवॉटर यांच्याकडे गेलं. १९६८ ला तर इथे तिसऱ्याच पक्षाचे जॉर्ज वॉलेस जिंकले, वंशभेदाचे उघड समर्थक. पुढचं बघा, १९७२ ला रिपब्लिकन निक्सन यांनी १५९ च्या १५९ कौंट्या जिंकल्या आणि चारच वर्षांनी १९७६ ला डेमोक्रॅट जिमी कार्टर यांनीही १५९ च्या १५९ जिंकल्या. तेच मतदार, तीच गावं. कार्टर इथले, प्लेन्स गावचे भुईमुगाचे शेतकरी, आपला माणूस म्हणून सगळा गाव लोटतो तसं झालं ते.

१९८० लाही राज्य कार्टर यांच्याकडेच राहिलं. त्यानंतर डेमोक्रॅटांकडून १९९२ ला बिल क्लिंटन यांनी १३,७१४ मतांनी कसंबसं जिंकलं, तिसरे उमेदवार रॉस पेरो यांनी १३ टक्के मतं खाल्ली होती तेव्हा. मग थेट २०२०. मधल्या अठ्ठावीस वर्षांत बहुतेक वेळा जॉर्जियाचा निकाल कुणी बघतसुद्धा नव्हतं, ठरलेला असायचा.

आता निकाल कशावर ठरतो ते. माझ्या मते जॉर्जियात तीन वेगवेगळे प्रदेश एकत्र मतदान करतात.

पहिला प्रदेश मी बघितला तो गाडीतून. अटलांटाहून खाली मेकन शहर ओलांडलं की लाल मातीच्या टेकड्या संपतात नि जमीन सपाट, वाळूसारखी होते. कोलंबस, मेकन, ऑगस्टा ही तीन शहरं जोडणारी एक रेघ काढा, कोट्यवधी वर्षांपूर्वी साधारण तिथपर्यंत समुद्र होता. ऑक्टोबर होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेकनच्या (अक्रोडासारखं फळ) बागा आणि मधेमधे फुटलेला कापूस, पांढराशुभ्र, अगदी बोंडं उमललेली. मी यवतमाळची, कापूस बघून गाडी थांबवलीच. आमच्याकडे वेचणीला बाया ओळीने वाकलेल्या असतात, इथे मैलभर शेतात माणूस नाही, लांब एक मोठं यंत्र आणि कडेला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे गोल गठ्ठे, खोलीएवढे. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे माणसंच होती, गुलाम माणसं. १८६० च्या जनगणनेत जॉर्जियात साडेचार लाखांहून जास्त गुलाम होते, लोकसंख्येच्या जवळपास ४४ टक्के. आणि ह्या कापसाचा धागा आपल्यापर्यंत येतो बरं का, १८६१ ला इथे यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ ला इथली लढाई संपल्यावर ते सगळं कोसळलं.

तर ज्या पट्ट्यात कापूस, त्या पट्ट्यात गुलाम, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं अजून त्याच पट्ट्यात आहेत. ह्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात, नाव पडलं शेजारच्या अलाबामातल्या काळ्या जमिनीवरून, पुढे ते माणसांना चिकटलं. हॅनकॉक कौंटी, किंवा डॉहर्टी कौंटी जिच्यात ऑलबनी शहर येतं, अशा ठिकाणी २०२० ला बायडेनना सत्तर टक्क्यांच्या आसपास मतं पडली. लाल नकाशात मधून जाणारी तुटक निळी रेघ दिसते ना, ती हीच.

दुसरा प्रदेश म्हणजे उत्तरेचे डोंगर आणि आग्नेयेकडची लहान गावं, बहुतांश गोरे लोक, चर्च, शिकार, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेली कुटुंबं. तिथे रिपब्लिकन ७५, ८० टक्के सहज घेतात. ब्रँटली कौंटीत २०२० ला ट्रम्पना ९० टक्के पडली होती. एक सरळ सांगते, जॉर्जियात मतदान वंशाच्या रेषेवर जितकं विभागलेलं आहे तितकं फार थोड्या राज्यांत असेल. २०२० च्या एक्झिट पोलप्रमाणे काळ्या मतदारांपैकी दहातले जवळपास नऊ बायडेनकडे, गोऱ्यांपैकी दहातले सात ट्रम्पकडे. त्यामुळे कोण किती संख्येने मतदानाला बाहेर पडलं ह्यावर बरंच काही ठरतं, मतपरिवर्तन वगैरे नंतर.

आणि तिसरा प्रदेश, अटलांटाभोवतीचं कडं. सगळी उलथापालथ इथे झाली. पूर्वी अटलांटा शहरात काळे लोक वाढले तसे गोरे लोक उत्तरेला कॉब नि ग्विनेटकडे सरकले आणि ह्या दोन कौंट्या रिपब्लिकनांचे गड झाल्या. दुसरीकडे पूर्वी दक्षिणेतला जाच सोसवेना म्हणून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेलेल्या काळ्या कुटुंबांची पुढची पिढी १९७० नंतर परत यायला लागली, अटलांटात कॉलेजं होती, नोकऱ्या होत्या, घरं स्वस्त होती. मग मेक्सिकन आले, कोरियन आले, व्हिएतनामी आले, आपण आलो. २००४ ला जॉर्जियाच्या मतदारांत गोरे साधारण ७० टक्के होते, २०२० ला ६० च्या आसपास. ग्विनेटचंच घ्या, २०१२ ला इथे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांना ५४ टक्के होती, २०१६ ला हिलरी क्लिंटन यांनी १९७६ नंतर पहिल्यांदा ही कौंटी डेमोक्रॅटांकडे आणली, कॉबही त्याच वर्षी फिरली, आणि २०२० ला बायडेनना ग्विनेटमध्ये ५८ टक्के. आमच्या मतपत्रिकेवर इंग्रजीसोबत स्पॅनिशही असतं, एवढी कौंटी बदलली.

आणि हे फक्त नवीन माणसांमुळे नाही. जुने, शिकलेले गोरे रिपब्लिकन मतदारसुद्धा ट्रम्पपासून लांब गेले. हे कळतं २०२२ च्या निकालावरून. एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, गव्हर्नरपदाला रिपब्लिकन ब्रायन केम्प जवळपास तीन लाखांनी जिंकले आणि सिनेटला डेमोक्रॅट राफाएल वॉर्नॉक साडेसदतीस हजारांनी पुढे राहिले. म्हणजे लाखभर तरी माणसं अशी असणार ज्यांनी केम्पवर बोट ठेवलं आणि सिनेटला ट्रम्प यांचा पाठिंबा असलेल्या रिपब्लिकन हर्शेल वॉकर यांना नाही म्हटलं. दोन्ही पक्ष पैसा ओततात तो ह्याच माणसांसाठी, बाकीच्यांचं जवळपास ठरलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा, मामांना सांगायचा राहिलेला. कौंटी कुणी जिंकली हे बघू नका, किती फरकाने जिंकली आणि मागच्या वेळेपेक्षा तो फरक वाढला का घटला ते बघा. आमच्या वरची फॉरसाइथ कौंटी घ्या. १९१२ मध्ये इथल्या काळ्या कुटुंबांना गोऱ्या जमावांनी धमकावून, जाळपोळ करून हाकलून दिलं होतं, हजाराहून जास्त माणसं, आणि त्यानंतर कित्येक दशकं ही कौंटी जवळपास पूर्ण गोरी होती. त्याच फॉरसाइथमध्ये आज भारतीय किराणा दुकानं आहेत, गणपतीला मोदकांच्या ऑर्डरी जातात, आपली मराठी घरं भरपूर आहेत. २०१२ ला तिथे रॉम्नी ८० टक्के आणि ओबामा १८. २०२० ला ट्रम्प ६६ आणि बायडेन ३३ च्या आसपास. नकाशावर दोन्ही वेळा रंग लालच, गडद लाल. पण शंभर मतांमागे ६२ ची आघाडी होती ती ३३ वर आली. सव्वा लाखाच्या वर मतदान झालेल्या कौंटीत जुनाच फरक टिकला असता तर ट्रम्पना एकट्या फॉरसाइथमधून पस्तीस-चाळीस हजारांची जास्तीची आघाडी मिळाली असती, आणि अख्खं राज्य गेलं ११,७७९ ने! रंग न बदललेल्या कौंटीतसुद्धा निकाल फिरतो तो असा.

२०२० च्या मतमोजणीत टीव्हीवर ट्रम्प आधी पुढे होते आणि मग मागे पडले, त्यात गूढ काही नव्हतं. कोविडमुळे साधारण तेरा लाख लोकांनी पोस्टाने मतं पाठवली होती, त्यातली जवळपास ६५ टक्के बायडेनची, कारण ट्रम्प आपल्या लोकांना पोस्टाने मत देऊ नका सांगत होते. पोस्टाची पाकिटं उघडून, सही तपासून मोजायला वेळ लागतो, आणि सगळ्यात जास्त पाकिटं मोठ्या कौंट्यांत. शुक्रवारी पहाटे क्लेटन कौंटीची मतं आली आणि बायडेन पुढे गेले. क्लेटन म्हणजे विमानतळाकडची कौंटी, काळ्या कष्टकऱ्यांची, तिचा काही भाग नागरी हक्क चळवळीतले खासदार जॉन लुईस यांच्या मतदारसंघात यायचा, ज्यांनी मताच्या हक्कासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आणि त्याच वर्षी जुलैत वारले. मला ते टीव्हीवर बघून रडू आलं होतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मशीनबद्दल आपल्याकडे खूप चर्चा असते म्हणून हेही सांगते. २०२० ला इथे स्क्रीनवर बोटाने मत निवडायचं होतं, मग प्रिंटरमधून एक कागद बाहेर यायचा, त्यावर क्यूआर कोड आणि खाली नावं छापलेली. आपल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, इथे तो कागद आपल्या हातात यायचा, वाचायचा आणि स्वतः चालत जाऊन स्कॅनरमध्ये सरकवायचा. कागद आत ओढला गेला की स्क्रीनवरचा आकडा एकने वाढायचा. मी तो आकडा वाढताना बघितला, बाहेर पीचचं चित्र असलेलं स्टिकर मिळालं, ते अजून फ्रिजवर आहे. हे सगळे कागद २०२० ला १५९ कौंट्यांत माणसांनी टेबलावर बसून हाताने मोजले, जवळपास पन्नास लाख. त्यात फ्लॉइड कौंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका स्कॅन करायच्या राहून गेलेल्या सापडल्या, ती ट्रम्पकडे झुकलेली कौंटी, त्यामुळे फरक थोडा कमी झाला. नंतर मशीनवर पुन्हा एकदा मोजणी झाली. तीन मोजण्या, तिन्हीत विजेता तोच. तरी २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी राज्याचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून आपल्याला ११,७८० मतं शोधायची आहेत असं म्हटलं, फरकापेक्षा बरोबर एक जास्त. रॅफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन, त्यांनी नकार दिला. मी त्यांच्या पक्षाची नाही पण त्या माणसाबद्दल मला आदर आहे.

एक बारकावा, बऱ्याच जणांना माहीत नसतो. सिनेट नि गव्हर्नरला जॉर्जियात ५० टक्क्यांच्या वर जावंच लागतं, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. अध्यक्षपदाला तो नियम नाही. २०२० ला बायडेन ४९.५ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे सिनेटचा नियम लावला असता तर आम्ही परत रांगेत उभे राहिलो असतो.

२०२४ ला ट्रम्प परत जिंकले, सुमारे १,१५,००० मतांनी. पण आकडे बघा, डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांना २५,४८,०१७ मतं पडली, बायडेन यांच्यापेक्षा ७४ हजारांनी जास्त. हरल्या, आणि तरी मतं वाढलेली. ट्रम्प यांची दोन लाखांनी वाढली, म्हणून. देशभरात मतांचा कल सहा टक्क्यांच्या आसपास ट्रम्पकडे सरकला, जॉर्जियात अडीचपेक्षाही कमी. अटलांटाचं कडं बरंचसं टिकलं, दक्षिणेकडच्या हेन्री कौंटीत तर हॅरिसना बायडेनपेक्षा मोठी आघाडी मिळाली. घट झाली ती कापसाच्या पट्ट्यात नि त्याच्या काठावर. बॉल्डविन, वॉशिंग्टन आणि जेफरसन ह्या तीन लहान कौंट्या निळ्याच्या लाल झाल्या. तरुण काळी मुलं अटलांटाकडे निघून जातात, मागे म्हातारी माणसं राहतात, दवाखाना लांब, काम नाही, आणि निवडणुकीशिवाय कुणी फिरकत नाही. अटलांटाची बेरीज करताना डेमोक्रॅटांनी ह्या गावांना गृहीत धरलं असं मला वाटतं, आणि ह्याचं मला वाईट वाटतं, कारण मताचा हक्क मिळवायला मार ह्याच गावांनी खाल्ला होता.

२०२४ च्याच ऑक्टोबरात जिमी कार्टर शंभर वर्षांचे झाले. प्लेन्समधल्या घरी अंथरुणावर होते, हॅरिसना मत द्यायचंय तेवढ्यासाठी थांबलोय असं ते म्हणाल्याचं त्यांच्या नातवाने सांगितलं होतं. त्यांनी पोस्टाने मत दिलं. २९ डिसेंबरला ते गेले. बातमी बघून मामांचा परत फोन आला, आधी थोडा वेळ कार्टरबद्दल बोलले आणि मग वही उघडल्याचा आवाज आला, म्हणाले, "त्याच्या गावची कौंटी कोणती गं, आन् फरक किती पडला तिथं यंदा?"